शाळेतील ध्वनिक्षेपक : मांडणी आणि निगा
(शिक्षकवर्गासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वातंत्र्यदिन ऐन पावसाळ्यात येतो, हे नाणेघाटाच्या माथ्यावरील घाटघरच्या शिक्षकास सांगावयास नको. जीवधनवर ढग टेकलेले, पटांगण ओलेचिंब, मुले बहुधा अनवाणी, आणि अशा वेळी ध्वनिक्षेपकाची तार खिडकीतून काढून चिखलावरून ध्वजस्तंभापाशी नेलेली असते. पहिलीतील मूल धातूचा माइक दोन्ही हातांनी धरून, ओठांशी नेऊन भाषण म्हणते. दृश्य कौतुकाचे खरे. परंतु विजेच्या दृष्टीने शाळेच्या वर्षातील सर्वांत धोक्याचा अर्धा तास हाच होय.

शाळागावांना आवाजाचे यंत्र नवीन नाही. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. संचाभोवती मंडळी बसत, ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करीत. त्या काळी घरोघर रेडिओवर भरतकामाचा रुमाल घालण्याची हौस होती. व्हॉल्व्हच्या संचातील उष्णता त्या रुमालाखाली कोंडून राही. रुमाल गेले, पण आजच्या ॲम्प्लिफायरवर हजेरीपत्रके व वह्यांचे गठ्ठे ठेवण्याची रीत मात्र तीच आहे. यंत्राच्या पाठीमागे व वर वीतभर तरी मोकळी जागा हवी.

पहिला विचार भूमिसंपर्काचा, म्हणजे अर्थिंगचा. तीन पायांच्या प्लगमधील जाड व लांब पाय अर्थिंगचा असतो. तो लांब ठेवण्यात हेतू आहे : प्लग लावताना तो आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांशेवटी सुटावा. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती या वाटेने जमिनीत जाते. हा पाय कापून किंवा दोन पायांचा प्लग बसवून काम भागविले, तर ती वाट मुलाच्या शरीरातून जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर कातळावर मातीचा थर पातळ; पावसाळ्यात चांगले लागणारे अर्थिंग चैत्रवैशाखात कोरडे पडते. म्हणून त्याची तपासणी वायरमनकडून उन्हाळ्यातही करवून घ्यावी. माइकला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर तो “थोडासा करंट” नव्हे. प्लग तत्काळ काढावा व दुरुस्तीपूर्वी तो संच कोणाच्याही हाती देऊ नये. शाळेच्या विद्युत्फलकावर ३० मिलिॲम्पिअरची आर.सी.सी.बी. असली, तर गळती होताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तारेचे जाड वेढे घालणारा मनुष्य संच वाचवीत नाही, आग लावण्याची तयारी करतो.

तथापि ओल्या पटांगणावरील समारंभाला याहून सोपा उपाय आहे. भरून ठेवलेल्या बॅटरीवर चालणारा संच वापरावा. भिंतीतील वीज पटांगणात आणूच नये. ध्वजस्तंभ धातूचा असल्यास त्याला तार गुंडाळणे, कर्णा बांधणे हे सर्वस्वी वर्ज्य समजावे.

वळवाच्या दिवसांत छपरावरील कर्ण्याची लांब तार विजेच्या कडकडाटात घातक ठरते. लखलखाट आणि गडगडाट यांत मुलांना अंक मोजावयास लावावे. दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीसपर्यंत मोजणी पोहोचण्याआधीच आवाज आला, तर वीज धोक्याच्या टप्प्यात आहे. परंतु प्लग व कर्ण्याची तार काढावयाची ती ढग दाटताच. वादळ डोक्यावर आल्यावर तारेस हात लावू नये.

स्विच चालूबंद करताना किंवा तार हलताच रेडिओत खरखर उमटली, तर कोठेतरी जोड सैल होऊन ठिणगी पडते आहे, असा संशय घ्यावा. ठिणगी स्वतःच रेडिओलहरी सोडते. याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या महादुर्बिणीची जागा निवडताना असा मानवनिर्मित गोंगाट कमी असणे हाही एक विचार होता.

आता आवाजाविषयी. मागच्या ओळीला ऐकू येत नाही, की बटण पिळण्याकडे हात जातो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून कर्णा डोक्यांच्या वर, मागच्या ओळीकडे किंचित कलता बसवावा, आणि माइक नेहमी कर्ण्याच्या मागे ठेवावा. म्हणजे शिट्टी वाजत नाही. कर्णा कच्च्या भिंतीतील खिळ्यावर टांगू नये. तुळईस बोल्टने आवळावा व वर साखळीचा दुसरा आधार द्यावा. खाली मुले बसतात. जेथे छप्पर पत्र्याचे आहे तेथे मुसळधार पावसात यंत्र वाढवून उपयोग नाही. त्या वेळी लेखनाचा पाठ घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात मुलांसाठी आठवड्यास ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. मागे बसलेले एकच मूल वारंवार “काय?” विचारत असेल, तर यंत्र वाढविण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावे.

सुट्टीपूर्वी माइकमधील सेल काढून ठेवावेत. ते पाझरून आतील पट्ट्या गंजतात. गोळीएवढे बटणसेल मात्र कुलपात ठेवावेत. लहान मुलाने एखादा गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी उलटी न करविता तडक रुग्णालय गाठावे.