बंद पडलेले यंत्र काय सांगते?



वैशाखाच्या उन्हात आपणांपुढे भट्टीची गोष्ट काढणे हे धाडसच आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी अमेरिकेत वा कॅनडात असते. तिकडे थंडीत पारा शून्याच्या खाली उतरतो, आणि घराच्या उबेची सारी मदार बहुधा तळघरातल्या एका गॅसच्या भट्टीवर असते. तिला फर्नेस म्हणतात. मुले कामावर गेली, की ती बंद पडल्याचे पाहण्याची पाळी पाहुण्या आईवडिलांवर येते. अशा वेळी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढाच माझा विषय.

प्रथम हिचा क्रम ध्यानात घेऊ. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ऊब मागतो. पण लगेच गॅस सुटत नाही. आधी एक छोटा पंखा धूर बाहेर ओढू लागतो. वाट मोकळी असल्याची ग्वाही दाबावर चालणाऱ्या स्विचने दिली, म्हणजे पेटवणारी कांडी लाल होते आणि गॅसची झडप उघडते. ज्योत लागली की नाही हे दुसरी एक कांडी पाहते. काही सेकंदांत ज्योत न लागल्यास झडप मिटते. मग मोठा पंखा गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत पोचवतो. उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर तिसरा पहारेकरी जाळ थांबवतो. म्हणजे पेटवणारा एक आणि अडवणारे तीन! तेव्हा यंत्र थांबले, की ते रुसले असे समजू नये. पुष्कळदा त्याने इशारा दिलेला असतो.

उन्हाळ्यात बहुधा तोच पंखा आणि तेच डक्ट थंड हवा वाहतात. म्हणून दोन्ही ऋतूंतील एक दुखणे समान आहे: धुळीने बुजलेला फिल्टर. हिवाळ्यात हवा अडली, की भट्टी अतिशय तापून थांबते. उन्हाळ्यात हवा अडली, की थंड नळ्यांवर बर्फ साचतो. कारण एक, लक्षणे मात्र अगदी उलट! बर्फ दिसला तर थंडावा बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा आणि फिल्टर बदलावा. बर्फ पुन्हा धरला, तर कारागिराला बोलवावे.

विलिस कॅरियर याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची योजना आखली, ती दमटपणामुळे कागद फुगे म्हणून. हवेतून काढलेले ते पाणी आजही एका नळीने बाहेर जाते. नळी तुंबली, तर पुष्कळ यंत्रे आपण होऊन थांबतात.

तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी. थर्मोस्टॅट योग्य खुणेवर आहे काय? त्याची बॅटरी संपली काय? विजेचा ब्रेकर पडला काय? भट्टीचे दार नीट बसले आहे काय? फिल्टर स्वच्छ आहे काय? बाहेरच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले काय? आत एक छोटा दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे काय, याचा तक्ता बहुधा दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असतो. एवढे पाहिले, की गृहस्थाचे काम संपले.

येथेच मोह होतो. बटण पुन:पुन्हा दाबावे, अडवणाऱ्या स्विचलाच तार जोडून बगल द्यावी! तसे कदापि करू नका. धुराची वाट बंद असताना जाळ चालू राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. घरातील सर्वांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर जाताच बरे वाटले, तर दुखणे माणसांचे नव्हे, घराचे आहे. सर्वांनी बाहेर पडावे आणि तेथून मदत मागवावी. गॅसचा वास आला तरी हेच. दिव्याच्या बटणाला हातसुद्धा लावू नये. हा विषारी वायू ओळखून घंटा वाजवणारे उपकरण मिळते. ते झोपण्याच्या खोल्यांजवळ असावे.

हे सारे परदेशचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे कोंदट न्हाणीघरात गॅसचा गिझर लावतात आणि थंडी वाजते म्हणून झरोका बुजवतात. तेथेही तोच वायू आहे, आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. आज घरी गेल्यावर तो झरोका तेवढा पाहा.