टाळी बाहुलीला



मालेगावच्या यात्रेत जादूचा खेळ आपण तिकीट काढून बघतो. पण घरच्या पोरानं तोच धंदा धरतो म्हटलं, तर त्या दिवशी चूल पेटत नाही. म्हणूनच आज ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करणाऱ्या एका कलावंताविषयी, शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्याविषयी बोलतो.

वडील य. के. पाध्ये जादूगार आणि शब्दभ्रमकार. शंभर वर्षांहून जुना अर्धवटराव हा बोलका बाहुला त्यांचाच. रामदासांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि ते शिक्षण बाहुल्यांच्या पोटात घातलं. डोळा फिरवायचा, जबडा हलवायचा, भुवई उडवायची, तर आत तरफा आणि दोऱ्या हव्यातच. डिग्री वाया गेली असं म्हणणाऱ्यांनी एकदा बाहुली उघडून पाहावी.

आता कसब ऐका. ओठ न हलवता 'क', 'त', 'न' बोलता येतात. अडतं ते प, फ, ब, भ, म यांच्यापाशी, कारण ओठ मिटल्याशिवाय ते निघत नाहीत. आपल्या गावाचं 'उमरी' हे नावसुद्धा बाहुलीकडून वदवायला अवघड! मग शब्दभ्रमकार जिभेनं जवळचा दुसरा आवाज काढतो, तो भरभर बोलून जातो आणि उरलेलं आपला कान भरून घेतो. आवाज येतो माणसाकडून, पण डोळ्यांना बाहुलीचा जबडा हलताना दिसतो. कान डोळ्यांचं ऐकतो. टीव्हीवरच्या नटाचा आवाज आपल्याला त्याच्या तोंडून ऐकू येतो, स्पीकर मात्र बाजूला असतो. तीच ही गंमत.

रंगमंचावर मागच्या रांगेतल्या माणसाला ओठ दिसत नाहीत. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि कॅमेरा थेट ओठांपाशी आला. तिथं लपवायला अंतर नाही, नुसता रियाज. पाध्ये तिथंही उभे राहिले. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससा त्यांचाच.

मला सर्वांत भावते ती 'झपाटलेला'ची गोष्ट. 1993 सालच्या या चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुला पाध्यांनी घडवला. आवाज मात्र दिलीप प्रभावळकरांचा. ज्याची सारी कमाई आवाजाची, त्यानं आपल्या सर्वांत गाजलेल्या बाहुलीसाठी आवाज दुसऱ्याचा चालवून घेतला. पोरं तात्या विंचूला घाबरली, घडवणाऱ्याचं नाव कित्येकांना ठाऊकही नाही. या धंद्यात टाळी बाहुलीला मिळते, आणि ती तिला मिळाली तरच खेळ जमला म्हणायचं. फोनवर स्वतःचा चेहरा दाखवून मोठं होण्याच्या या दिवसांत हे जरा उलटंच वाटेल.

पालकांनो, 'यानं पोट भरेल का?' असं तुम्ही विचारणारच, आणि विचारावंच. पाध्यांच्या घरात हा प्रश्न कोणी टाळलेला दिसत नाही. मुलगा सत्यजित आधी चार्टर्ड अकाउंटंट झाला. आता वडिलांसोबत बाहुल्यांना बोलतं करतो.