भिंत न दुखावता स्कर्टिंग कसे काढावे



घरदुरुस्तीचा विषय व्यासपीठावर कशाला, असे काहींना वाटेल. परंतु 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, ते दिवस आपण विसरलेलो नाही. ज्या घरात असे पाणी शिरते, तेथे भिंतीचा पायथा महिनोन् महिने ओल धरून राहतो. मग फरशीच्या कडेने भिंतीला लावलेली चार इंची पट्टी, जिला मिस्त्री स्कर्टिंग म्हणतात, ती फुगते आणि सुटू लागते.

अशीच एक पट्टी काढताना आमच्या हातून चूक झाली. आम्ही थेट पहार घातली. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर हातभर गिलावाही खाली आला. पट्टी थोडक्या पैशांची. गिलावा, पुट्टी आणि रंग यांनी मात्र महिन्याचा हिशेब बिघडवला.

असे का घडले? विद्यार्थी मित्रांनी शाळेत तरफ शिकली आहे. पहार ही तरफच. तिचा टेकू भिंतीवर येतो आणि आपण लावलेले बल कित्येक पटींनी वाढून त्या एका ठिकाणी पडते. घरातील गिलावा साधारण 12 ते 15 मिलिमीटर जाडीचा. तो हा दाब कसा सोसणार? टेकूखाली लाकडी फळी ठेवली, म्हणजे तेच बल मोठ्या जागेवर पसरते व दाब कमी होतो.

आता कामाचा क्रम सांगतो. प्रथम त्या भिंतीत विजेची वायर आहे काय ते पाहून मेन स्विच बंद करावा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क लावावा. सिमेंटची धूळ फुप्फुसांना घातक असते. नंतर हातोडीच्या लाकडी दांड्याने पट्ट्या ठोकून पाहाव्यात. जेथे पोकळ आवाज येतो, तेथून सुरुवात करावी.

सर्वांत महत्त्वाचे काम पुढे आहे. पट्टीची वरची कड आणि भिंत यांमधील रंग-पुट्टीचा सांधा कटरने पूर्ण कापावा. हा सांधा न कापल्यास पट्टीबरोबर रंगाचे पापुद्रे वर ओढले जातात. मग पातळ छिन्नी भिंतीला समांतर धरून, वरून खाली हलके ठोके द्यावेत. छिन्नीचे टोक भिंतीकडे वळू देऊ नये. एकाच जागी जोर न करता थोडे थोडे सरकत जावे. लाकडी पट्टी असेल तर तिचे खिळे मागून पकडीने ओढावेत. विटा मातीत रचलेल्या जुन्या घरात मात्र अनुभवी मिस्त्रीलाच बोलवावे.

पट्टी निघाल्यावर लगेच नवी बसवू नका. भिंतीवर पांढरा लोणा दिसला, तर ओल अजून आत आहे असे समजा. ती कोठून येते ते शोधा, भिंत वाळू द्या. नाहीतर नवी पट्टीही सुटेल.

विद्यार्थ्यांनी घरी दाराआडच्या एका पट्टीवर, वडीलधाऱ्यांच्या देखत, हा प्रयोग करून पाहावा. चुकले तरी नुकसान थोडे, आणि हाताला आलेले काम जन्मभर उपयोगी पडेल.