प्रवेश आणि परीक्षा यांच्या मधला विद्यार्थी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत एखाद्या साहित्यविषयक प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्ही बी.ए.पर्यंत शिकलेले, केंद्र सरकारच्या नोकरीत केस पिकलेले गृहस्थ. ठरलेले काम ठरलेल्या तारखेस कसे पार पडेल, एवढाच विचार आम्ही जन्मभर करीत आलो. म्हणून घरी राहून पदवीचा अभ्यास करणारे आपल्यातील विद्यार्थी आणि त्यांच्या साहाय्याचे नियोजन, हा विषय आम्ही निवडला आहे.

असे विद्यार्थी आपल्या मंडळात कोण? बारावी होताच घरासाठी नोकरी धरलेला मुलगा. सातारा-सांगलीकडून लग्न होऊन इकडे आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली सून. पदवी नसल्यामुळे बढतीची वाट अडलेला कर्मचारी. महाविद्यालयात दिवसभर बसणे यांपैकी कोणासच शक्य नाही. अशांसाठी देशाने दुसरी वाट बांधली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेस निघाले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

या पदवीस किंमत किती, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातील पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, आणि आयोगाने २०२२ साली तसे पुन्हा जाहीर केले आहे. तेव्हा पदवीच्या मोलाची चिंता नको. चिंता आहे ती विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचण्याची.

प्रवेशाच्या दिवशी घरात आनंद असतो. पुस्तके येतात, त्यांना कव्हरे चढतात. परीक्षेच्या दिवशी सारे घर जागे असते. या दोन दिवसांच्या मधला काळ मात्र विद्यार्थ्याने एकट्याने काढावयाचा असतो, आणि त्याचा पाय घसरतो तो तेथेच. मायकेल मूर या अभ्यासकाने असे मांडले आहे, की दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांचे नसून शिकणारा आणि शिकविणारा यांच्यातील संवादाच्या उणिवेचे असते. आपल्या घरांत तर भाषेचे अंतरही त्यात मिळते. राज्याच्या मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र राज्यापुरते. त्यामुळे इकडील आपल्या मुलाबाळांस बहुधा राष्ट्रीय विद्यापीठाकडे वळावे लागते, आणि तेथे अभ्यास बहुतेक हिंदीत वा इंग्रजीत करावा लागतो. बारावीपर्यंत इतिहास मराठीतून शिकलेल्या मुलीस विषय येत असतो, पण वाक्य सुचत नाही. ती ते कोणास सांगत नाही. पुस्तक मिटून ठेवते.

विद्यापीठ काहीच करीत नाही, असे मात्र कोणी समजू नये. ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे आहेत, तेथे समुपदेशक प्राध्यापक असतात, बी.ए.चा अभ्यास किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पुरा करण्याची सवड आहे, बदली झाल्यास केंद्र बदलून मिळते. परंतु ही सवडच पुष्कळांस घातक ठरते. "पुढल्या सत्रात पाहू," असे म्हणता म्हणता मुदत सरून जाते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की विद्यार्थी अडल्यावर धावून जाणे म्हणजे साहाय्य नव्हे. तो कोठे अडणार हे आधीच ठाऊक असते. तेथे अगोदर माणूस उभा करणे म्हणजे साहाय्य. कचेरीत आम्ही अखेरच्या तारखेपासून मागे मोजीत येतो. येथेही तसेच करावे.

राष्ट्रीय विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा साधारणतः जून आणि डिसेंबर महिन्यांत होतात. त्यांचा अर्ज प्रवेशाहून निराळा, ठरलेल्या मुदतीत भरावा लागतो. तत्पूर्वी स्वाध्याय लिहून द्यावे लागतात. हिंदीत त्यांस सत्रीय कार्य म्हणतात. बी.ए.सारख्या अभ्यासक्रमांत त्यांना सामान्यतः तीस टक्के भार असतो आणि उरलेला सत्तर टक्के परीक्षेला. स्वाध्याय राहिले, की परीक्षेतील कष्टही अर्धवट ठरतात. हे ध्यानी घेऊन मंडळाने चार कामे अंगावर घ्यावीत, अशी आमची विनंती आहे.

पहिले, प्रवेशापूर्वी विचारपूस. निवडलेल्या अभ्यासक्रमास आयोगाची मान्यता आहे की नाही हे पाहावे, आणि विद्यार्थ्याच्या हाती आठवड्यातून खरोखर किती तास उरतात हे त्याच्यासह कागदावर मांडावे. विषयांचा भार त्या तासांवरून ठरवावा, उत्साहावरून नव्हे.

दुसरे, पाच विद्यार्थ्यांमागे एक पालक-कार्यकर्ता. त्याने दर पंधरवड्यास फोन करावा किंवा घरी डोकवावे. विद्यार्थी येईल आणि अडचण सांगेल, अशी वाट पाहू नये. मागे पडलेल्यास आधी संकोच गाठतो. कार्यकर्त्याच्या नोंदवहीत गुण नसावेत, फक्त तारखा असाव्यात.

तिसरे, रविवार सकाळचा अभ्यासवर्ग. येथे कोणी व्याख्यान देऊ नये. विद्यार्थ्यांनी बसून स्वाध्याय लिहावेत. आपल्यातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी जवळ बसून मराठीतला विचार हिंदीत वा इंग्रजीत कसा उतरवावा, एवढेच दाखवावे. जिथे अभ्यासकेंद्राचे समुपदेशनही रविवारी असते, तिथे वेळ त्यास सोडून ठेवावी.

चौथे, परीक्षेचा आठवडा. ज्या माउलीचा पेपर असेल तिचे मूल तेवढे चार तास शेजारच्या मराठी घरी राहावे. नोकरी करणाऱ्याने रजेचा अर्ज महिनाभर आधी दिला की नाही, हे कोणी तरी विचारावे. कामे क्षुल्लक दिसतात, पण पेपर चुकतात ते अशाच कारणांनी.

यास मोठा निधी लागत नाही. सभागृह आपले आहे, आणि रविवारी सकाळी ते बहुधा कुलूपबंद असते. जाणती माणसे आपल्यात आहेत. हवी आहे ती एक नोंदवही आणि ती नियमाने उघडणारा माणूस. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करताना आपण एकही घर चुकवीत नाही. त्याच फेरीत प्रत्येक दारी एक प्रश्न आणखी विचारावा: आपल्या घरी कोणाचे शिक्षण अर्धवट राहिले आहे काय?

पन्नास वर्षांपूर्वी परक्या शहरात मराठी माणूस एकटा पडू नये, म्हणून वडीलधाऱ्यांनी हे मंडळ काढले. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर ओट्याशी पुस्तक उघडून बसणारी सून आज तशीच एकटी आहे. तिची सोबत करणे हे मंडळाच्या मूळ कामाचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते. नोंदवहीचे पहिले पान आम्ही आखून आणले आहे. ते चिटणिसांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.