धवलेरी आणि लग्नचौक
(कैनाड येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वारली समाजाचा सांस्कृतिक ठेवा कसा राखावा, या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. विषय मोठा आहे. त्यातील लग्नचौकाची एकच गोष्ट आम्ही आज आपणांपुढे मांडतो.

वारली चित्रांचे नाव आता सातासमुद्रापार गेले आहे. 1970 नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांनी आपल्या पाड्यांवर कागद आणून दिला आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. आपल्याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते निवर्तले. या कलेने कित्येक घरांना दोन पैसे मिळवून दिले, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु बाजारातील चित्र वेगळे आणि चौक वेगळा.

कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने सारवून, तीवर गेरू देऊन, तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, बाजूच्या लहान चौकात पंचशिऱ्या. त्यावेळी गाणी चालतात, आणि पुढे लग्न लावते ती धवलेरी. स्त्रीने पौरोहित्य करावे की नाही, यावर शहरांतून अजून चर्चा होतात. आपल्याकडे हा प्रश्न कोणाला पडलाच नाही! धवलेरीजवळ पोथी नसते. सारा विधी तिला मुखोद्गत असतो.

तांदळाचा रंग फार दिवस टिकत नाही. पावसाळ्यात ओल आली की भिंत पुन्हा सारवावी लागते. म्हणून आपल्या पणजीने लिहिलेला चौक आज कोठेही पाहावयास मिळणार नाही. दर लग्नाला तो नव्याने लिहिला गेला, एवढ्यानेच तो आपणांपर्यंत आला. काचेच्या कपाटात ठेवून असा ठेवा राखता येत नाही. लिहिणारा हात आणि गाणारा गळा यांची पुढची पिढी तयार व्हावी लागते, आणि नेमके तेच काम खोळंबले आहे. घरे सिमेंटची झाली, मांडवात वाद्यवृंदाचा गजर असतो, धवलेरीचा आवाज त्यात ऐकू येत नाही. तिच्याजवळ बसून गाणी उचलणाऱ्या मुली थोड्या.

येथे एक जुने दुःख सांगितले पाहिजे. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढावे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्या घरी राबावे, अशा लग्नगड्यांची या भागात एकेकाळी वाण नव्हती. 23 मे 1945 रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे हजारो वारली एकत्र आले आणि या गुलामीविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या नातवंडांनी आता मांडव, ध्वनिवर्धक आणि मिरवणूक यांसाठी पुन्हा कर्ज काढावे, हे आम्हांस पाहवत नाही. चौकाला लागतात मूठभर तांदूळ, गेरू आणि बांबूची काडी. परंपरा राखणे महाग पडते, असे म्हणणाऱ्यांनी दोन्ही खर्च एकदा शेजारी मांडून पाहावेत.

मंडळाने या वर्षी तीन कामे हाती घ्यावीत, अशी आमची विनंती आहे. प्रत्येक पाड्यावरील धवलेरींची नोंद करावी. त्यांच्या संमतीने गाणी ध्वनिमुद्रित करून, आपल्याच बोलीत, शब्दांना प्रमाण मराठीचा मुलामा न देता, उतरवून घ्यावीत. आणि लग्नघरी धवलेरीच्या शेजारी दोन मुलींना शिकाऊ म्हणून बसवावे. त्यांच्या गुरूला योग्य मानधन मंडळाने द्यावे. यांत तिसरे काम आम्ही सर्वांत मोठे मानतो, कारण यंत्रात भरलेले गाणे लग्न लावू शकत नाही.

सिमेंटच्या घरात एक हातभर भिंत शेणगेरूसाठी सोडता येते. काही घरांनी तसे केले आहे आणि तेथे सवाशिणींची वाट अडलेली नाही.

बाहेर नोंदवही ठेवली आहे. जेवणास बसण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या पाड्यावरील धवलेरीचे नाव तीत लिहवून जावे. नाव आठवत नसेल तर घरातील वडीलधाऱ्या बाईला विचारावे.