लेकरांचे रक्त आणि थोरांचे रक्त



सन २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या घराघरांत एकच धास्ती होती : करोनाची दुसरी लाट थोरांवर कोसळली, आता तिसरी लेकरांवर येणार. ती कितपत साधार होती, हे सांगणारी मोजणी त्याच जून-जुलैत झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ७० जिल्ह्यांत रक्त तपासले. महाराष्ट्रातील सहा जिल्ह्यांत आपला, तेव्हाचा अहमदनगर व आताचा अहिल्यानगर, जिल्हाही होता.

विषाणू अंगात शिरला म्हणजे शरीर त्याला नेमके धरणारी प्रतिपिंडे घडविते. रोग सरला तरी ती काही काळ रक्तात राहतात. देशभरचा हिशेब असा निघाला : सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत शेकडा ५७.२, दहा ते सतरांत ६१.६, लस न घेतलेल्या प्रौढांत ६२.३. मुलांना तेव्हा लस नव्हतीच. ही सारी संसर्गाची कमाई. शाळा मार्च २०२० पासून बहुतांशी बंद, तरी निम्म्याहून अधिक लेकरांना विषाणू भेटून गेला होता, कित्येकांच्या आईबापांना पत्ताही न लागता. कुलूप शाळेला होते, घराला नव्हते!

मग लेकरे इतकी सहज कशी निभावली? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०२० साली ४७ मुले व ३२ प्रौढ यांची प्रतिपिंडे ताडून पाहिली गेली. विषाणूच्या अंगावर काटे असतात आणि पोटात एक गाभा असतो. प्रौढांनी दोहोंविरुद्ध प्रतिपिंडे केली होती. मुलांनी मुख्यतः काट्यांविरुद्ध, आणि त्यांची विषाणू निकामी करण्याची शक्तीही कमीच. वरवर पाहता थोरच सरस! पण पोटातला गाभा उघडा पडतो तो पेशी फुटून विषाणू पुष्कळ वाढल्यावर. मुलांच्या नाकातील पहिली राखण जागी असल्याने विषाणू आधीच आवरला जात असावा. मग मोठी फौज कशाला उभारायची? हे स्पष्टीकरण आम्हांस पटते. आणखी एक : नुसत्या गाभ्यावर बेतलेली चाचणी मुलांतला संसर्ग कमीच दाखवील.

मात्र निर्धास्त होऊ नये. त्या ४७ पैकी १६ मुलांना संसर्गानंतर सर्वांगदाहाचा विकार जडला होता, आणि त्यांची प्रतिपिंडे इतर मुलांसारखीच निघाली. म्हणजे तो विकार रक्तातील प्रतिपिंडे मोजून ओळखू येत नाही. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांत ताप हटेना, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ उठले, पोट दुखू लागले, तर लेकराला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.