गळाचा दोरा : विणलेला कीं एकपदरी?

कवठे महांकाळ हें नांव निघालें म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम उभें राहतें तें पाण्याचें दुर्भिक्ष. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा तालुका पर्जन्यछायेंत पडलेला. त्यांतून जाणारी अग्रणी नदी वर्षाचा बराच काळ नुसती वाळू दाखवीत पडणारी. अशा मुलुखांतील माणसाला गळानें मासे धरण्याचा शोक जडावा आणि त्यानें दोऱ्याच्या जातीवरून वाद घालावा, याचें पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांस कदाचित् हसूं येईल. परंतु कृष्णेचें पाणी म्हैसाळ येथें उचलून टप्प्याटप्प्यानें पूर्वेकडे चढविणारी उपसा सिंचन योजना झाल्यापासून येथील चित्र पालटत आलें आहे. बसाप्पाच्या वाडीच्या तलावासारखे मोठे सांठे, गांवोगांवचे पाझर तलाव, शेतकऱ्यांचीं शेततळीं, जेथें पाणी टिकलें तेथें मासा आला. आणि मासा आला तेथें संध्याकाळीं काठी घेऊन बसणारा माणूसही आला.

त्यांतील तरुण मंडळी आतां गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून स्वस्थ बसत नाहींत. त्यांच्या पेटींत पत्र्याचे चकचकीत चमचे, लांकडाचे वा प्लॅस्टिकचे मासे आणि अंगाशीं कांटे दडविलेला रबरी बेडूक असतो. हें बनावट आमिष दूर फेकावयाचें आणि रिळावर दोरा गुंडाळीत, मध्येंच हिसका देत, तें जिवंत असल्याचा भास उत्पन्न करीत जवळ आणावयाचें, हा या शिकारीचा सगळा डाव. शंभर वेळां फेकावें, तेव्हां एखादे वेळीं मासा झेपावतो. गांडुळाच्या गळांत दोरा हा नुसता वाट पाहणारा नोकर. येथें तो सारा वेळ राबत असतो. म्हणूनच मिरज-सांगलीच्या दुकानांत अशा हौशी माणसाचा पहिला प्रश्न हा असतो कीं, बाजारांत 'तंगूस' या नांवानें मिळणारा नायलॉनचा एकपदरी दोरा घ्यावा, कीं अनेक बारीक तंतूंची वेणी घालून केलेला नव्या तऱ्हेचा दोरा घ्यावा?

यांतील 'नव्या तऱ्हेचा' हा शब्द थोडा फसवा आहे. गळाचा शोक या प्रांताला नवा नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास रचिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें 'मत्स्यविनोद' म्हणून या शिकारीस स्वतंत्र स्थान दिलें आहे. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यानें १८७३ मध्यें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक लिहिलें. त्याच्या पिढीचे शिकारी रेशमाचा विणलेलाच दोरा वापरीत. दिवस मावळल्यावर तो पसरून वाळवावा लागे, नाहीं तर कुजून जाई. पुढें १९३८ मध्यें अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीनें नायलॉन जाहीर केलें. त्याचा पहिला उपयोग दांत घासण्याच्या ब्रशाच्या केसांसाठीं झाला. मग त्याच्या अखंड तारेनें रेशमाला गळाच्या काठीवरून हळूहळू हुसकून लाविलें. ज्या पॉलिथिलिनच्या पिशव्या घरोघर असतात, त्याच जातीच्या द्रव्याचे अतिशय लांब रेणू एका दिशेनें ओढून पोलादाहून वजनीं बळकट तंतु काढण्याची रीत पॉल स्मिथ व पीट लेमस्ट्रा या संशोधकांनीं नेदरलंड्समध्यें १९७९ च्या सुमारास साधली. त्या तंतूंची वेणी शतकाच्या शेवटच्या दशकांत मासे धरणाऱ्यांच्या हातीं आली. म्हणजे विणलेला दोरा गेला होता, तो अंगावरचें वस्त्र बदलून परत आला, इतकेंच.

दोहोंतील मुख्य भेद बळाचा नव्हे, ताणण्याचा आहे. एकपदरी नायलॉनवर जोराचा ताण बसला म्हणजे तो आपल्या लांबीच्या पंधरा-वीस टक्के, कधीं त्याहूनही अधिक, लांबतो. वेणीचा दोरा तीन-चार टक्क्यांवर सहसा जात नाहीं. तीस मीटर दोरा पाण्यावर असतां शिकाऱ्यानें काठी उचलली, तर नायलॉनच्या बाबतींत त्या झटक्याचा मोठा भाग दोऱ्यांतच मुरतो. वेणींत तो थेट कांट्यापाशीं पोंचतो. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या पेठेंत वाढलेल्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. सैल तार छेडली तरी बोलत नाहीं. ताणलेली तार नुसता नखाचा स्पर्शही सांगते. वेणीच्या दोऱ्यावरून तळाचा दगड, शेवाळाचा झुबका आणि माशाचें तोंड हीं तिन्हीं वेगळालीं ओळखूं येतात.

या भागांत बेडकाच्या आमिषानें धरावयाचा मासा म्हणजे मरळ. हा हवेंत श्वास घेण्यासाठीं वर येणारा, वेलींच्या व पाणकणसाच्या आडोशास दबून राहणारा मासा. त्याचा जबडा हाडाचा. कांटा त्यांत रुतावा तर झटका कोरडा व कडक हवा. शिवाय तोंडीं कांटा लागतांच तो वेलींत घुसतो, आणि मग त्याला झाडपाल्यासह ओढून काढावें लागतें. येथें वेणीचा पक्ष निर्विवाद वरचढ आहे. नऊ किलोचा ताण सोसणारा नायलॉन साधारण ०.४० मिलिमीटर जाडीचा असतो. तितक्याच बळाची वेणी जवळजवळ निम्म्या जाडीची. ती पातळ असल्यानें दूर जाते, पाण्यापेक्षां हलकी असल्यानें वर तरंगते, आणि पाण्यावरच्या बेडकाची चाल बिघडवीत नाहीं. नायलॉन पाणी पितो, भिजला कीं थोडा दुबळा होतो, आणि स्वभावतःच पाण्यांत बुडतो.

परंतु विक्रेत्यानें येथवर सांगून थांबावें, यांत त्याचा लाभ आहे, घेणाऱ्याचा नाहीं. हा सारा मुलुख काळ्या पाषाणाचा. तलावाच्या कांठाला फुटलेल्या दगडांच्या धारदार कडा असतात. ताणलेली वेणी अशा कडेवरून एकदां घासली कीं तिचे केसासारखे तंतु भराभर तुटतात. जाड नायलॉन तो ओरखडा सोसून जातो. दुसरा शत्रु वारा. ढालगांवच्या पठारावर पवनचक्क्या उभारल्या आहेत, त्या कांहीं उगीच नव्हेत. त्या वाऱ्यांत हलकी, लुळी वेणी रिळावर सैल बसते आणि पुढच्या फेकीस तिचा असा गुंता होतो कीं, सोडवितां सोडवितां सूर्य मावळावा. तिसरें, वेणीस साधी गांठ धरत नाहीं, सुळकन् निसटते. तिला अधिक वेढ्यांची गांठ लागते, आणि रिळाच्या तळाशीं नायलॉनचे थोडे वेढे द्यावे लागतात, नाहीं तर सगळी वेणी रिळावर फिरत राहते. आणि ती हाताला गुंडाळून ओढण्याचा मूर्खपणा करणाऱ्याचें बोट हाडापर्यंत कापतें.

तथापि खरा प्रश्न दोरा तुटल्यावर सुरू होतो, आणि त्याचा विचार दुकानांत कोणी करीत नाहीं. वैशाखांत येथले तलाव आटूं लागतात. पाण्याखालीं गेलेल्या बाभळींचे खुंट उघडे पडतात. त्या खुंटांना गुंडाळलेला दोरा मग दिसूं लागतो. तो कुजत नाहीं. नायलॉन उन्हानें कालांतरानें ठिसूळ तरी होतो; वेणीस त्याहूनही अधिक काळ लागतो. उथळ पाण्यांत चरणाऱ्या बगळ्या-करकोच्यांचे पाय त्यांत अडकतात. पाणी सरलेल्या गाळपेरांत धनगर मेंढरें घालतो, तेव्हां कोंकराच्या खुराभोंवतीं वेढा बसावयास एक हात दोराही पुरे होतो. तलावांतील मासेमारी ठेक्यानें घेणाऱ्या मच्छीमार संस्थेचें जाळेंही त्याच खुंटाशीं येऊन फाटतें. दोऱ्याची निवड करतांना ताण, जाडी व किंमत हीं तिन्हीं पाहावींत. परंतु तो तुटला तर पाण्यांत किती राहील, ही चौथी गोष्ट त्या तिहींच्या आधीं पाहिली पाहिजे.

यावर उपाय आहे आणि तो फार सोपा आहे. वेणीच्या टोकाला वांवभर एकपदरी नायलॉन जोडावा. शिकारी लोक त्याला 'लीडर' म्हणतात. पुष्कळ जण तो केवळ माशाच्या नजरेपासून दोरा लपविण्यासाठीं किंवा दगडाच्या घर्षणापासून वांचविण्यासाठीं बांधतात, आणि म्हणून शक्य तितका बळकट घेतात. वास्तविक तो मुख्य दोऱ्यापेक्षां निश्चितपणें दुबळा हवा. गांठींत वेणीचें बळ बरेंच उणें होतें, हें धरून वेणी अठरा किलोची असेल तर लीडर नऊ किलोचा ठेवावा. मग कांटा खुंटांत अडकला आणि काठी सरळ रोखून, दोरा लांकडाच्या तुकड्यास गुंडाळून, ओढला तर तो आमिषाजवळच्या गांठीशींच तुटतो. पाण्यांत राहतें तें आमिष आणि फार तर वीतभर दोरा. मोठ्या माशानें तोडला तरी त्याच्या मागें वीस मीटरचें शेपूट लोंबत नाहीं. लीडर नसेल तर वेणी कोठें तुटेल याचा नेम नाहीं. जेथें दगडानें आधींच चावा घेतला असेल तेथें, म्हणजे बहुधा मध्यावरच. आमिषें महाग, तीं गमावूं नयेत म्हणून लीडर काढून टाकणारे चतुर गृहस्थ असतात. त्यांचें आमिष एखादे वेळीं वांचतें, हें खरें. तलाव मात्र तितक्या स्वस्तांत सुटत नाहीं.

याचा अर्थ वेणी सर्वत्र घ्यावी असा नव्हे. नवशिक्यानें एकपदरी नायलॉनवरच हात बसवावा. त्याच्या ताणण्यानें हाताच्या चुका झांकल्या जातात, आणि तो स्वस्तही असतो. झाडोरा नसलेल्या उघड्या पाण्यांत लहान चमच्यानें चिलापीसारखा मासा धरावयाचा असेल, तर सुमारें दोन-तीन किलोचा तंगूस उत्तम. मऊ तोंडाच्या माशाला ताठ दोऱ्यानें झटका दिल्यास तोंड फाटून मासा जातो. धारदार खडकाच्या कांठींही तोच बरा. वेलींनीं, पाणकणसानें आणि बुडालेल्या बाभळींनीं भरलेल्या पाण्यांत मरळ शोधावयाची असेल, तेथेंच वेणीचा खर्च सार्थकीं लागतो, आणि तोही लीडरसह.

ठेकेदार संस्थेची परवानगी आधीं घ्यावी, हें सांगावयास नकोच. पावसाळ्यांत मरळीचें जोडपें आपल्या तांबूस पिल्लांचा थवा राखीत पृष्ठभागाजवळ फिरत असतें. थव्यावर पडणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तें तुटून पडतें, म्हणून त्या वेळीं धरणें फार सोपें, आणि आईबाप गेले कीं थवा इतर माशांच्या तोंडीं जातो. असा थवा दिसला तर रबरी बेडूक पेटींत ठेवून दुसरा कांठ धरावा. रिळावरचा नायलॉन दर वर्षीं बदलावा. उतरलेला जुना दोरा कांठावर न टाकतां घरीं आणून कात्रीनें बोटभर लांबीचे तुकडे करावेत, म्हणजे कचऱ्यांतूनही तो कोणाच्या पायांत गुंतत नाहीं.